कोनाले पाठवून राह्यले, काका?
अमरावती-अकोल्यातल्या बँक शाखाधिकाऱ्यांना खुलं पत्र

सर्व शाखाधिकारी आणि काउंटरवर बसणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांना,


सकाळचे अकरा. पासबुक भरून घेणाऱ्यांची रांग दारापर्यंत आलेली. त्या रांगेत सत्तरीतले एक काका उभे आहेत. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले असतील, नाहीतर जिल्हा परिषदेतून किंवा वीज मंडळातून. हातात मुदत ठेवीची पावती आहे आणि चार घड्या घातलेला कागद, त्यावर घाईत उतरवून घेतलेला खातेक्रमांक. शर्टाच्या खिशातला मोबाइल चालू आहे; फोन कापायचा नाही असं त्यांना बजावलेलं आहे. पलीकडचा माणूस काउंटरवरचा शब्द न् शब्द ऐकतो आहे. काकांची पाळी येते. ठेव मोडायची आहे आणि पैसे या खात्यावर पाठवायचे आहेत, असं ते सांगतात. तुमचा सहकारी मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल एवढं बोलतो, सही जुळते का पाहतो आणि आरटीजीएसचा फॉर्म पुढे सरकवतो. अर्ध्या तासात आयुष्यभराची शिल्लक निघून जाते.

या काकांना इथे नाव दिलेलं नाही, कारण ते कुणी एकटे नाहीत. देशभरातल्या तक्रारींमधून हेच दृश्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा समोर येतं: धमकावलेला माणूस, चालू असलेला फोन आणि बँकेची शाखा. हे पत्र पोलीस आयुक्तांना किंवा मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे, ते या तिसऱ्या गोष्टीमुळे. ठगाचा फोन येतो तेव्हा माणूस घरात एकटा असतो, किंवा त्याला एकटं पाडलं जातं. पैसे पाठवायला मात्र तो अनेकदा तुमच्याकडे येतो. त्या सगळ्या प्रकरणात त्याला प्रत्यक्ष दिसणारा ओळखीचा चेहरा तुमच्या काउंटरवरचा असतो.

आधी आकडे पाहू. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये ही रक्कम ७,४६५ कोटी होती. नुसत्या ‘डिजिटल अरेस्ट’ आणि त्यासारख्या प्रकारांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या, त्या २०२४ मध्ये १,२३,६७२ झाल्या. तक्रारी तिप्पट झाल्या, पण त्यांतली रक्कम ९१ कोटींवरून १,९३५ कोटींवर गेली, म्हणजे एकवीसपट. सरासरी काढली तर दर तक्रारीमागे गेलेला पैसा तेवीस हजारांवरून दीड लाखाच्या पुढे पोहोचला. किराणा, दवाखाना आणि गॅसच्या पैशातून अशी रक्कम उभी राहत नाही. ती ठेवींमधून येते, आणि वऱ्हाडातला वयस्क माणूस ठेव मोडायला अजून शाखेतच येतो.

‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनचा सगळा खेळ आता पाठ व्हावा इतका ठरलेला आहे. पहिल्यांदा एक यांत्रिक आवाज: तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. किंवा कुरिअर कंपनीचा माणूस: तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. त्यानंतर फोन ‘मुंबई पोलिसांकडे’ जोडला जातो. मग व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, पाठीमागे राजमुद्रा, आणि कुठल्यातरी गाजलेल्या आर्थिक गुन्ह्यात तुमचं आधार सापडल्याचा दावा. जेट एअरवेजच्या नरेश गोयल यांच्यावरच्या खटल्याचं नाव यासाठी अनेकदा वापरलं गेलं आहे, कारण ते लोकांनी पेपरात वाचलेलं असतं. शेवटी दोन वाक्यं येतात. पहिलं: कुणाला सांगायचं नाही, मुलालाही नाही, नाहीतर त्यालाही अटक होईल. दुसरं: तुमचे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात पाठवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यात व्हिडिओ कॉलवर होणारी अटक नावाचा प्रकारच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हे देशाला सांगितलं आणि थांबा, विचार करा, मग कृती करा असा सल्ला दिला. मोबाइलवर नंबर फिरवला की इशारा ऐकू यायचा, असेही महिने गेले. तरी फोन लागू पडतच राहिले. भेदरलेल्या माणसाला त्या क्षणी कुठलंच भाषण आठवत नाही, एवढंच त्यातून कळतं.

वऱ्हाडात हा फोन लागू पडण्याची कारणंही आपल्या ओळखीची आहेत. साहेबापुढे उभं राहून बोलायची सवय इथल्या माणसाच्या हाडात आहे. समोरचा सरकारी आवाजात बोलला की उलट विचारणं उद्धटपणाचं वाटतं. मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वे प्रवास. तिथल्या ठाण्यात खरंच आपलं नाव आलं असेल का, हे जाऊन बघण्याजोगं अंतर नाही. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला, घरात नवरा-बायको दोघंच. शिवाय दारात पोलिसांची गाडी आली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती. ज्याने उभ्या आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याला ही धास्ती सगळ्यांत जास्त असते. ठगाला नेमका तोच माणूस हवा असतो. म्हणून फसलेल्यांना लोभी किंवा अडाणी म्हणणं चुकीचं आहे आणि क्रूरही.

शिक्षण आणि अनुभव असूनही माणूस कसा गुंततो, याचं उदाहरण वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांचं आहे. वय ८२, पद्मभूषणाने सन्मानित, हजारो कामगारांचा कारभार पाहिलेला माणूस. ऑगस्ट २०२४ मध्ये ठगांनी त्यांना पाळतीखाली असल्याचं भासवलं, व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, सरन्यायाधीशांची नक्कल केली आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी लाज न बाळगता तक्रार दिली म्हणून त्यातले सव्वापाच कोटी परत मिळाले. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका ७२ वर्षांच्या व्यावसायिकाचे ५८ कोटी रुपये याच पद्धतीने गेले, तेही कित्येक आठवडे थोडे थोडे करून. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंबाल्याच्या एका वृद्धेच्या तक्रारीवरून हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि डिसेंबरात देशभरच्या डिजिटल अरेस्ट प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. बँकांनी काय केलं, हा प्रश्नही त्या न्यायालयात विचारला गेला आहे.

बँक काय करू शकते, याचं उत्तर हैदराबादेतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलं. एक वयस्क डॉक्टर ठेवी मोडून १३ लाख रुपये पाठवायला आले. काउंटरवरच्या कर्मचारी महिलेला ते नेहमीसारखे वाटले नाहीत. तिने कारण विचारलं, तेव्हा घरगुती गरज आहे असं उत्तर आलं. प्रकरण व्यवस्थापकांकडे गेलं. पुढे जागा घ्यायची आहे असं सांगण्यात आलं, तेव्हा शाखेने घाई करू नका, घरच्या कुणाला घेऊन या, असं म्हटलं. ते चिडले, निघून गेले, पुन्हा आले. शाखेने पैसे सोडले नाहीत आणि त्यांचं बोलणं १९३० या मदत क्रमांकाशी करून दिलं. तेव्हा कुठे त्यांना आपण जाळ्यात असल्याचं उमगलं. १३ लाख वाचले.

या घटनेत कोणतंही नवं यंत्र नव्हतं. एका कर्मचारी महिलेने ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रश्न विचारला. उत्तर बदललं, तेव्हा ती थांबली.

अमरावती-अकोल्यात तर हे आणखी सोपं असायला हवं. परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा: या गावांमधल्या शाखांत अर्ध्याअधिक ग्राहकांना कर्मचारी नावाने ओळखतात. कुणाचं शेत कुठे आहे, कुणाची मुलगी कुठे दिली, हे माहीत असतं. अशा ठिकाणी ठेव मोडायला आलेल्या माणसाला बोलीतच विचारावं, ‘कोनाले पाठवून राह्यले, काका? वळखीचा हाये का तो मानूस?’ हा प्रश्न चौकशीसारखा वाटत नाही, घरच्यासारखा वाटतो. ठगाने त्यांना पढवून पाठवलेलं असतं: विचारलं तर सांगा की मुलीचं लग्न आहे, प्लॉट घ्यायचा आहे, दवाखाना आहे. म्हणून एका प्रश्नाने भागत नाही. प्लॉट कोणत्या ले-आउटमध्ये आहे, इसारपावती झाली का, घरच्यांनी पाहिला का? खरा व्यवहार असेल तर माणूस खुशीने सांगत सुटतो. पढवलेला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो, आणि नजर खिशातल्या मोबाइलकडे जाते. तेव्हा त्यांना आत केबिनमध्ये बसवा, पाणी द्या आणि मोबाइल बाहेर टेबलावर ठेवायला सांगा. बोलता येत नसेल तर कागदावर लिहून विचारा, ‘फोनवर कुणी आहे का?’

ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. गाडगेबाबा याच मातीतले; शेंडगावला जन्मले, अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर उभं राहायचं. ते समोरच्यांना विचारत, समोरच्यांकडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरातच ऐकणाऱ्याला स्वतःची चूक दिसे. आर्थिक साक्षरतेच्या नावाने आज गावागावांत शिबिरं होतात. तिथे पत्रक वाचून दाखवतात, फोटो काढतात, चहा होतो. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून वीस लोकांना एवढंच विचारावं: पैसे घ्यायला पिन टाकावा लागतो का? उत्तरं दोन्ही येतील. मग त्यांच्यातच वाद होऊ द्यावा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे वादातून जितकं डोक्यात बसेल तितकं पत्रकातून बसणार नाही.

आता थोडं कडू. बँका स्वतः ज्या पद्धतीने ग्राहकाशी बोलतात, ती पद्धत ठगांना सोयीची आहे. केवायसी न केल्यास खातं गोठेल, ताबडतोब लिंकवर जा, शेवटचे दोन दिवस: असे संदेश खऱ्या बँकांकडूनही येत आले आहेत. दहा आकडी खाजगी नंबरावरून कार्ड विकायला, विमा विकायला फोन येतात, आणि समोरचा ‘खात्री करण्यासाठी’ जन्मतारीख विचारतो. ग्राहकाला एकीकडे अनोळखी फोनवर माहिती देऊ नका म्हणायचं आणि दुसरीकडे अनोळखी फोनवरून माहिती विचारायची, यातून तो शिकणार काय? दोन्ही आवाज त्याला सारखेच ऐकू येतात.

उपाय झालेले आहेत, पण ते काउंटरपर्यंत आणि ग्राहकापर्यंत उतरलेले नाहीत. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत असं ठरलं आहे. व्यापारी बँकांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ ची मुदत दिली गेली. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ची मालिका आहे. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता इंग्रजी अक्षर असतं: व्यवहाराला टी, सेवेला एस, जाहिरातीला पी आणि सरकारी संदेशाला जी. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा खास पत्ता ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. हा पत्ता नोंदणीकृत बँकेशिवाय कुणालाही मिळत नाही. याचा फायदा मोठा आहे, पण तो घ्यायचा तर पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लागायला हवी. ठग बँकेचं नाव सुरुवातीला घालतो आणि शेपटी भलतीच ठेवतो. वाचणारा सुरुवात पाहून निश्चिंत होतो. तुमच्या शाखेच्या भिंतीवर व्याजदराचा तक्ता आहेच. त्याशेजारी तुमच्या बँकेचा खरा पत्ता आणि खरा फोन क्रमांक हातभर मोठ्या अक्षरांत लावता येईल.

महावितरणने अशी सवय लावण्याचा प्रयत्न केला आहे. २०२२ च्या सुमारास ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ हा संदेश महाराष्ट्रभर फिरत होता. फोन केला की समोरचा मोबाइलचा पडदा दिसणारं ॲप उतरवून घ्यायला सांगायचा. त्या वेळी महावितरणने वारंवार जाहीर केलं की आमचे संदेश आमच्या नावानेच येतात, कुणाच्या खाजगी क्रमांकावरून येत नाहीत. खरा आवाज कसा ओळखायचा हे संस्थेनेच सांगितलं, हे महत्त्वाचं.

शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत सरकारनेच त्याला मोबाइल हातात धरायला लावला. पीएम किसान, नमो शेतकरी, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं ऑनलाइन. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची, अशी अट आली. ज्याने कधी ॲप उतरवलं नव्हतं त्याने मुलाच्या, पुतण्याच्या मदतीने ते उतरवलं, कारण लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हवे होते. आता त्याच माणसाच्या व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ नावाची फाइल येते. शेवटी एपीके असं लिहिलेलं. ती उघडली की मोबाइलवर परकं ॲप बसतं, एसएमएस वाचतं, ओटीपी परस्पर पाठवून देतं. कधी तिचं नाव लग्नपत्रिका असतं, कधी वाहतूक दंडाचं चलान. शेतकऱ्याने खरं ॲप आणि खोटं ॲप कसं ओळखावं? त्याला एकच खूण पुरते: प्ले स्टोअरमधून घेतलेलं ॲप वेगळं आणि कुणी पाठवलेली फाइल वेगळी; पाठवलेली फाइल उघडायचीच नाही, ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून आली तरी. कारण भावाचा मोबाइल आधीच ठगाच्या ताब्यात गेलेला असू शकतो. कापसाचे पैसे जमा झाले का हे पाहायला तो तुमच्याकडेच येतो. तेव्हा ही खूण सांगायला अर्धं मिनिट लागेल.

लाडकी बहीण योजनेचंही तसंच झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि लगोलग खोट्या पानांपासून सावध राहण्याचा इशारा द्यावा लागला. दीड हजार रुपयांसाठी आधार क्रमांक भलत्या ठिकाणी टाकणाऱ्या बाईला हसू नये. मुदत गेली तर हप्ता थांबेल, या काळजीने तिने ते केलेलं असतं.

ईमेलचा विषय वऱ्हाडात शहरी वाटतो, पण जिनिंग-प्रेसिंगचे मालक, वरूडचे संत्रा व्यापारी, एमआयडीसीतले उद्योजक, शाळा-महाविद्यालयांची कार्यालयं या सगळ्यांचा व्यवहार ईमेलवर चालतो आणि त्यांची चालू खाती तुमच्याकडे आहेत. इथला डाव शांत असतो, धमकी नसते. नेहमीच्या पुरवठादाराचा मेल येतो, आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं बिल नव्या खात्यावर भरा. नाव तेच, मजकूर तोच, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. किंवा मालकाच्या नावाने हिशेबनिसाला निरोप येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये असंच घडलं: अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर संदेश आला, काही खात्यांवर तातडीने पैसे पाठवा, आणि कंपनीने १ कोटी १ लाख रुपये पाठवलेही. साहेबांना फोन करून विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण साहेबांना विचारायचं कसं, या संकोचाला पुण्यातली मोठी कंपनी अपवाद ठरली नाही, तर अकोल्यातल्या जिनिंगचा मुनीम कसा ठरेल? बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तिथेही चोरांनी आत शिरायला वापरलेला मार्ग नोकरीच्या अर्जाचं सोंग घेतलेल्या ईमेलचा होता. कुणीतरी कर्मचाऱ्याने ते सद्भावनेने उघडलं होतं.

खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर फोन करून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर करायची नाही, तो ठगाचाच असतो. ही गोष्ट चालू खातेदारांना सांगण्यासाठी तुमच्याकडे आणखी एक साधन आता आहे. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पैसे ज्याला जाणार त्याचं नाव आधी दिसावं, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, आणि ती शाखेत येणाऱ्या ग्राहकालाही मिळायला हवी. ‘सर्वोच्च न्यायालयाचं खातं’ म्हणून दिलेल्या क्रमांकावर दूरच्या राज्यातल्या कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव दिसलं, आणि ते तुमच्या सहकाऱ्याने काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर पुढचं फार काही बोलावं लागणार नाही.

एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी गावात कमी बोललं जातं. चोरलेला पैसा हवेत जात नाही, तो खात्यांवर जातो, आणि ती खाती खऱ्या माणसांच्या नावाने उघडलेली असतात. कॉलेजातल्या पोराला सांगितलं जातं, तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील. बेरोजगार मुलाला हा सौदा निरुपद्रवी वाटतो. काही दिवसांनी दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात उभे राहतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते कार्ड घालून पैसे काढणारे होते. डाव रचणारे सीमेपलीकडे सुखरूप राहिले. अमरावतीत शिकायला आलेल्या मेळघाटातल्या किंवा बुलढाण्याकडच्या मुलाला खातं उघडताना ही गोष्ट कुणी सांगितली, तर तो कदाचित वाचेल. विद्यार्थ्याच्या बचत खात्यात एका दुपारी सहा राज्यांतून पैसे येऊन अर्ध्या तासात निघून गेले, तर ते दिसण्याची जागाही तुमचा संगणकच आहे.

आणि ज्याचे पैसे गेले आहेत तो धावत तुमच्याकडे येईल त्या वेळेबद्दल. त्याला पहिल्यांदा ‘ओटीपी दिलाच कशाला?’ असं विचारलं जातं. मग त्याला आधी पोलीस ठाण्यात पाठवतात, तिथून सायबर ठाण्यात, तिथून पुन्हा स्टेटमेंट आणायला बँकेत. तेवढ्या वेळात पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात गेलेला असतो. शाखेत त्याने पाय ठेवल्याबरोबर १९३० लावून द्यायचा, व्यवहाराचा क्रमांक वाचून दाखवायचा, खातं आणि कार्ड बंद करायचं. बाकीचा कागद नंतर. तक्रार वेळेत गेली की पुढच्या बँकेतली रक्कम जागीच रोखता येते. या व्यवस्थेमुळे जुलै २०२५ पर्यंत साडेसतरा लाखांहून अधिक तक्रारींमध्ये मिळून ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये क्रिकेटपटू विनोद कांबळी यांनाही केवायसीच्या नावाने फोन आला होता आणि १ लाख १४ हजार रुपये गेले होते. त्यांनी लगेच कळवलं, बँक आणि पोलीस हलले, पैसे परत आले.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेले नियमही ग्राहकाला माहीत असायला हवेत, आणि ते त्याला तुमच्याखेरीज कोण सांगणार? चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तरी त्याने कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. म्हणून कळवल्याची वेळ लिहून दिलेली पोच त्याच्या हातात पडली पाहिजे. ती मागायचं त्याला सुचणार नाही. त्याचे हात थरथरत असतात.

नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायला दोन्ही जिल्ह्यांतले निवृत्तिवेतनधारक तुमच्या शाखांत येतात. कुणी काठी टेकत, कुणी सुनेच्या स्कूटरवर मागे बसून. याच दाखल्याच्या नावाने त्यांना खोटे फोनही येतात: दाखला फोनवरच भरून देतो, पेन्शनचा क्रमांक आणि ओटीपी सांगा. यंदा त्या रांगेतल्या प्रत्येकाचा अंगठा घेताना एक विचारून घ्या, असा फोन आला होता का? ज्यांना आला असेल त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवून काय काय बोलणं झालं ते ऐका. घरी परत जाण्याआधी त्यांच्या मोबाइलमध्ये तुमच्या शाखेचा नंबर आणि १९३० असे दोन क्रमांक तुमच्या हाताने साठवून द्या. नाव मराठीत टाका, अक्षर मोठं ठेवा.

आपला,
वऱ्हाडातला एक खातेदार